शेवटचा गडी

"सुट! सुट म्हणतो ना! मुकाट्याने सुट, नाही तर मुस्काट फोडीन!"

ही धमकी ज्याला दिली जात होती त्याला मुस्काट नव्हते. तो काडेपेटीपेक्षाही लहान, प्लास्टिकचा, तपकिरी रंगाचा एक कनेक्टर होता. आणि जे धमकी देत होते त्यांचेही मुस्काट त्या वेळी कुणाला दिसत नव्हते. मास्तरांचे पाय गाडीच्या पुढच्या डाव्या सीटच्या डोक्यावर होते, कंबर सीटवर होती आणि डोके खाली, जिथे एरवी बसणाऱ्याची पावले असतात, तिथे कोंबलेले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस गाडीत अशा अवस्थेत सहसा अपघातानंतरच सापडतो.

"उजेड! उजेड कुठे गेला?"

"माझ्या हातात आहे," बाहेरून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुझ्या हातात असून काय उपयोग? इकडे पाड!"

"तिकडे तुमचं डोकं आहे. डोक्यावर पाडू?"

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर, शाल गुंडाळून, मास्तरीणबाई टॉर्च धरून बसल्या होत्या. 'मास्तरीणबाई' ही पदवी त्यांना लग्नाने मिळाली होती. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवले नव्हते. त्या कपडे शिवत. मास्तरांच्या शाळेतल्या पोरांच्या खाकी चड्ड्या पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच मशीनखालून गेल्या होत्या. आता मशीन पलंगाखाली गेले होते आणि बाईंच्या हाताला उरली होती ती टॉर्च.

काम तसे किरकोळ होते. गाडीचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा आत फेकणारा पंखा, बंद पडला होता. त्याचा वेग कमी-जास्त करणारी एक बोटभर पट्टी असते, ती जळली होती. नवी पट्टी आणलेली होती. जुनी काढायची, नवी बसवायची. फक्त जुनी काढण्याआधी तिच्यावरचा वायरींचा कनेक्टर उपटायचा होता. सकाळी मास्तर 'पाच मिनिटांत आलो' म्हणून खाली उतरले होते. आता ऊन पार्किंगच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाले होते आणि कनेक्टर होता तिथेच होता.

मास्तर शाळेत ड्रिल मास्तर होते. त्यांची खरी कीर्ती मात्र रस्सीखेचीची. त्यांच्या शाळेचा संघ रस्सीखेचीत हरल्याचे कुणाला आठवत नाही, आणि आठवत असेल तर ते मास्तरांसमोर बोलण्याची छाती कुणाला झाली नाही. त्यांचे तंत्र सोपे होते. दोर हातात आला की ओढायचा. समोरचा दमला की ओढायचा. आपण दमलो की जास्त ओढायचा. दोराच्या टोकाला मात्र ते वर्गातला सर्वांत जाडा पोरगा उभा करीत, दोर त्याच्या कमरेभोवती फिरवीत आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगत, "तू ओढायचं नाहीस. तू शेवटचा गडी. टाचा रोवायच्या आणि बसायचं. आभाळ कोसळलं तरी बसायचं." मग स्वतः ओळीच्या बाजूने ओरडत धावत सुटत. शेवटच्या गड्याचे काम मास्तरांनी स्वतः कधी केले नव्हते. बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

राग मात्र होता, आणि तोही मुबलक. नोकरीत असताना तो शाळेच्या मालकीचा होता. निवृत्तीनंतर तो सोसायटीला मिळाला. पाण्याची टाकी वाहिली की मास्तर टाकीवर ओरडत. जिन्यातला दिवा गेला की दिव्यावर. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'जमदग्नी' म्हणत, आणि ते सुटीला मुलाकडे गेले की इमारतीला चुकल्याचुकल्यासारखे होई. कशावर काय बिनसले आहे तेच कुणाला कळत नसे.

पण आजचा राग वेगळा होता. त्याचे कारण शुक्रवारी घडले होते.

मास्तरीणबाईंची मूत्रपिंडे थकून गेल्याला आता बराच काळ झाला होता. आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात नेऊन, यंत्राला जोडून, रक्त धुऊन आणावे लागे. परतताना त्यांना थंडी वाजे. स्वेटरने जाणारी थंडी नव्हे ती. हाडांच्या आतून निघून बाहेर येणारी. म्हणून मास्तर त्या बाहेर यायच्या आधीच गाडी सुरू करून ब्लोअरने आतली हवा तापवून ठेवत. शुक्रवारी अर्ध्या वाटेत ब्लोअर एकदा खोकला आणि गप्प झाला. मास्तरांनी आपला कोट त्यांच्या अंगावर घातला, मागच्या सीटचे कव्हर ओढून काढून तेही घातले, शेवटी पायाखालचे पायपुसणे झटकून गुडघ्यांवर ठेवले. तरी बाईंचे दात वाजायचे थांबले नाहीत. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिले, तर मास्तर काच खाली करून त्याच्यावरच खेकसले.

घराच्या जिन्याशी पोचल्यावर बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ब्लोअर सुरू झाला तर सोमवारी येईन. नाही तर नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

भाड्याच्या गाडीने जाण्याचा प्रश्नच नव्हता. मागे एकदा, मास्तरांची गाडी गॅरेजमध्ये असताना, भाड्याच्या गाडीत बाईंना उलटी झाली होती. ड्रायव्हर काही बोलला नाही. त्याने फक्त चारही काचा खाली केल्या आणि नाकावर रुमाल धरून गाडी चालवली. बाईंनी आपल्या रुमालाने सीट पुसली, घरी येऊन तो रुमाल कचऱ्यात टाकला आणि जाहीर केले की परक्याच्या गाडीत आता त्या फक्त आडव्या होऊन जातील. ज्यांना अर्थ कळला ते हसले नाहीत.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. येणे थांबवले तर फार दिवस हाती राहणार नाहीत. बाईंनी ते ऐकले होते, मास्तरांनीही ऐकले होते. ब्लोअर हे निमित्त आहे, बाई दमल्या आहेत आणि कुठेतरी उतरून जायला त्यांना थांबा हवा आहे, हे मास्तरांना कळत नव्हते असे नाही. चांगले कळत होते. पण बाईंच्या अंगावर ओरडून भागणार नव्हते, मूत्रपिंडावर ओरडायची सोय नव्हती. कनेक्टर मात्र हाताशी होता.

उद्या सोमवार होता.

खुर्चीच्या हातावर ठेवलेला फोन वाजला. मुलगा होता. तो दूरच्या शहरात एका मोठ्या कंपनीत 'समस्या सोडवण्याच्या' विभागात होता आणि आईवडिलांच्याही समस्या तिथूनच सोडवीत असे. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी व्हिडिओ पाठवला होता. पाहिलात का?"

"पाहिला," गाडीच्या तळातून आवाज आला.

"मग? किती सोपं आहे!"

"सोपं आहे! अरे, त्या माणसाच्या नखात मळ नाही! त्याची गाडी टेबलावर ठेवलेली! आणि काढताना तो हसत होता. हसत! मी म्हणतो, यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाबा, लॉक दाबायचं आणि अलगद ओढायचं, एवढंच आहे."

"अलगद?" सीटच्या डोक्यावरची पावले थरथरली. "सकाळपासून अलगदच चाललंय माझं! बोटांची सालटी निघाली अलगद करून करून!"

"तुम्ही चिडू नका ना. मी काय म्हणतो, उद्यापुरती चांगली टॅक्सी करा. मी इथून बुक करतो. हीटर असलेली. आईला सांगा—"

"तू तिथून बुक कर. तिथून पैसे भर. आई थरथरायला लागली की तिला धर पण तिथूनच!"

मग मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मी येऊ का?"

"कशाला? तुझा हात जाणार आहे या फटीत?"

बाईंनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. "जेवलास का? … हो, ओरडतायत. … नाही रे, तब्येत चांगली आहे त्यांची, आवाज येतोय ना तुला? … बरं, ठेव."

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही शांत राहा म्हणाला."

यावर मास्तर जे बोलले ते ऐकून तळमजल्यावरच्या डॉक्टरांचे दार उघडले. हे डॉक्टर दातांचे होते. माणूस सज्जन, मदतीला तत्पर आणि रविवारी कंटाळलेला. ते चप्पल ओढत आले, वाकले आणि मास्तरांच्या पायांशी बोलू लागले.

"मास्तर, मी बघू का?"

"बघा. तमाशाला तिकीट नाही."

डॉक्टरांनी बाईंकडून टॉर्च घेतली, डोके आत घातले आणि बराच वेळ 'हं, हं' असे केले. मग सवयीने विचारले, "दुखतंय का?"

"कुणाला?"

"सॉरी. हे वितळलंय, मास्तर. कोपऱ्यावर. प्लास्टिक प्लास्टिकला चिकटलंय. अगदी अक्कलदाढ हाडाला चिकटते तसं. अशा दाढेला नुसतं ओढून चालत नाही, आधी जरा—"

"डॉक्टर, तुम्ही दात काढता तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

"तुमचं तोंड उघडं असतं, मास्तर. तुम्ही बोलूच शकत नाही."

बाई हसल्या. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच हसल्या, आणि तेही डॉक्टरांच्या विनोदाला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायला एरवी वेळ लागत नसे. आज तर मस्तक खालीच होते.

"निघा तुम्ही! जा! चहा घ्या, झोपा, कुणाचे तरी दात पाडा!"

डॉक्टर गेले. जाताना मात्र त्यांनी घरातून दाढा काढायचा एक चिमटा आणून निमूटपणे गाडीच्या टपावर ठेवला. सज्जन माणसांमुळे जगात किती नुकसान होते याची कुणी मोजदाद ठेवत नाही.

खरे म्हणजे 'वितळलंय' हा शब्द मास्तर त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते. सकाळी स्पेअर पार्टच्या दुकानदाराने पट्टीबरोबर एक नवा कनेक्टरही काउंटरवर ठेवला होता. त्याला वायरींच्या शेपट्या जोडलेल्याच होत्या. "काका, हाही घेऊन जा," तो म्हणाला होता. "जुना नक्की वितळला असणार. आणि तुमच्याच्यानं तो निघायचा नाही, एखाद्या पोराला बोलवा." 'तुमच्याच्यानं' हा शब्द ऐकताच मास्तरांनी तो कनेक्टर बोटाच्या टिचकीने काउंटरवरून पलीकडे उडवला, पट्टी उचलली आणि दुकानाची पायरी उतरले. ही हकीकत त्यांनी बाईंना सांगितली नव्हती. पुढेही कधी सांगितली नाही.

चिमटा टपावर चमकत होता. मास्तर उलटे होते ते सुलटे झाले आणि हात लांबवून त्यांनी तो घेतला.

"अहो, त्याने तुटेल," बाई म्हणाल्या.

"तुटू दे!"

"वायरी धरू नका, प्लगला धरा."

"तू उजेड धर!"

मग ते दाराच्या चौकटीत बसले, एक पाय आतल्या बाजूला दाबून धरला, दुसरा उंबऱ्याला लावला. चिमट्यात कनेक्टरची मान धरली, म्हणजे निदान तसे त्यांना वाटले. मग छाती भरून श्वास घेतला. बाईंनी ओळखले. शाळेच्या मैदानावर हा श्वास त्यांनी कुंपणाबाहेरून कितीतरी वेळा पाहिला होता. त्याच्यानंतर काय येते तेही त्यांना माहीत होते.

"हुप्प!"

काहीतरी सुटले. मास्तर दारातून बाहेर उडाले आणि पार्किंगच्या फरशीवर पाठीवर पडले. रस्सीखेचीत दोर तुटला तर दोन्ही बाजू पडतात. इथे एकच बाजू पडली. कनेक्टर आपल्या जागी तसाच घट्ट बसून होता. मास्तरांच्या हातातल्या चिमट्यात दोन वायरी होत्या, मुळापासून उपटलेल्या, दोन बारीक मिशांसारख्या.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "लागलं का?"

मास्तर उठून बसले. त्यांनी वायरींकडे पाहिले. वरच्या मजल्यांवर दोन खिडक्या उघडल्या, कारण एवढ्या धडपडीनंतर आरडाओरडा होणार हे सर्वांना ठाऊक होते. बाईही त्याचीच वाट पाहत होत्या.

आरडाओरडा झाला नाही.

मास्तरांनी वायरी फरशीवर ठेवल्या. एकीला एक लावून, नीट. मग तळहाताची धूळ विजारीला पुसली.

"राहू दे," ते म्हणाले.

"काय?"

"राहू दे. नाही होत. तुला यायचं नाही ना उद्या? नको येऊ." आवाज शांत होता. शेजारच्या घरातला एखादा समंजस गृहस्थ बोलावा तसा. "तुला त्रास होतो. मी उगाच ओढतोय. राहू दे."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मास्तर एवढ्या हळू आवाजात बोलल्याचे बाईंनी ऐकले नव्हते. त्या क्षणभर गोंधळल्या. जे त्यांना हवे होते ते त्यांना मिळाले होते. कुणी अडवणार नव्हते. सोमवारी सकाळी सुया नव्हत्या, यंत्र नव्हते, हाडांतली थंडी नव्हती. सगळे जागच्या जागी थांबले होते आणि त्यांचा नवरा फरशीवर बसून स्वतःच्या पावलांकडे पाहत होता.

आणि मग इमारतीने जे कधी पाहिले नव्हते ते पाहिले. मास्तरीणबाई चिडल्या.

"उठा!" त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली.

"उठा म्हणते ना! राहू दे म्हणजे काय? बायकोला आणि प्लगला एकाच दमात राहू दे? लाज नाही वाटत?"

"अगं, तूच म्हणालीस—"

"मी म्हणणारच! सुया मला टोचतात, तुम्हाला नाही. मी म्हणायचं येत नाही, आणि तुम्ही सगळी इमारत डोक्यावर घ्यायची, असं चाललंय ना आपलं? मी जेवत नाही म्हटलं की तुम्ही ताटावर ओरडता. मी गोळी नको म्हटलं की गोळीवर ओरडता. मला वाटतं, चला, एवढा गोंधळ चाललाय तर घेऊन टाकू एक गोळी. आज मी काय असं वेगळं म्हटलं? आणि तुम्ही लगेच राहू दे? इतका स्वस्त निघाला तुमचा राग?"

"मी दमलो," मास्तर म्हणाले.

"दमायचं काम माझं आहे! त्याच्यात वाटेकरी नको मला!"

बोलताना शाल खाली पडली. बाईंनी ती उचलली नाही. त्या खुर्ची सोडून गाडीच्या दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून सीटच्या कडेला टेकल्या आणि खाली वाकू लागल्या. तेव्हा मात्र मास्तर ताडकन उभे राहिले.

"तो हात नाही! डावा नाही! अगं, डावा हात वर घे!"

डाव्या हातावर, कोपराच्या खाली, दवाखान्यात शीर जोडून यंत्रासाठी जागा केलेली होती. तिथे बोट ठेवले तर आत मांजर गुरगुरल्यासारखे लागे. त्या हाताने साधी पिशवी उचलायचीही बंदी होती.

"ठाऊक आहे कुठला हात कशाला," बाई म्हणाल्या. डावा हात त्यांनी छातीशी धरला आणि उजवा त्या फटीत घातला. आजाराने त्या हातावरचे मांस केव्हाच नेले होते. मास्तरांचा पंजा जिथे मनगटाशी अडकत होता तिथून तो सरळ आत गेला. बाईंनी आत पाहिले नाही. शिवणाच्या मशीनची खालची बॉबिन काढताना कुणी आत पाहत नाही. आत पाहायला जागाच नसते. बोटांनी चाचपायचे. त्यांनी डोळे मिटले होते आणि तोंड चालूच होते.

"सकाळपासून ओढतायत. ओढतायत आणि शिव्या देतायत. ओढलं की ते आतून जास्त धरतं, एवढं साधं… हे बघा, ही जीभ आहे त्याची… हिला मोकळी करायची तर आधी आत ढकलायला पाहिजे. बाहेर नाही, आत. माझी शाल द्या. नको, राहू दे. कळलं का? तुम्हाला जन्मात ढकलणं माहीत नाही. सारखं आपलं ओढ, ओढ, ओढ—"

आतून 'टक्' असा आवाज आला.

बाईंनी हात बाहेर काढला आणि मूठ मास्तरांच्या तळहातावर उघडली. तपकिरी कनेक्टर, एका कोपऱ्याला वितळून काळा पडलेला, आपल्या उरलेल्या दोन जाड वायरींना लोंबकळत, अगदी गरीब चेहऱ्याने त्यांच्या हातात आला.

"घ्या," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "ओरडा आता."

मास्तरांनी कनेक्टरकडे पाहिले. मग घसा साफ केला आणि सुरुवात केली. गाडी बनवणाऱ्यांपासून ते त्यांच्या खानदानापर्यंत, तिथून दुकानदाराकडे, दुकानदारावरून व्हिडिओतल्या हसऱ्या माणसाकडे, तिथून दातांच्या डॉक्टरांच्या चिमट्याकडे. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. सगळे ठीक होते.

नवी पट्टी बसवायला फार वेळ लागला नाही. कनेक्टरचे वितळलेले तोंड मास्तरांनी कानशीने घासून साफ केले आणि ते नव्या पट्टीवर ढकलले. या वेळी ढकलले. दोन जाड वायरी शाबूत होत्या. ज्या बारीक दोन उपटल्या गेल्या होत्या त्या वेग कमी करण्याच्या होत्या आणि त्यांना जोडायला मुळाशी काही उरले नव्हते. मास्तरांनी किल्ली फिरवली, बटण पहिल्या खुणेवर आणले. काही नाही. दुसऱ्या खुणेवर आणले. काही नाही. शेवटच्या खुणेवर आणले तेव्हा आतून एकदम वादळ सुटले. वर्षानुवर्षांची धूळ, दोन वाळकी पाने आणि एका गोळीच्या पाकिटाचा चांदीचा कागद मास्तरांच्या तोंडावर आला.

"कमी होत नाही," ते ओरडून म्हणाले, कारण त्याशिवाय ऐकू येत नव्हते. "एकच वेग आहे!"

"घरात एक होताच," बाई म्हणाल्या. "आता गाडीतही झाला."

शाल झटकून त्यांनी अंगावर घेतली आणि जिन्याकडे वळल्या. पहिल्या पायरीवर थांबल्या.

"उद्या येते मी. बुधवारचं बुधवारी बघू."

मास्तरांनी किल्ली बंद केली आणि चिमटा उचलला.

सोमवारी दुपारी दवाखान्याच्या आवारात एक जुनी करडी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. आतून चक्की चालल्यासारखा आवाज येत होता. मास्तर अधूनमधून वाकून कनेक्टरवर बोट ठेवीत, फार तापत तर नाही ना ते पाहत. पहारेकरी दोनदा येऊन गेला.

"काका, इंजिन बंद करा. इथे चालत नाही."

"मग कुठे चालतं? तुझ्या घरी आणून लावू?"

"साहेब बोलतील मला."

"साहेबाला पाठव इकडे! त्यालाही आत बसवतो, शेकून निघेल!"

साहेब आले नाहीत. चाकांच्या खुर्चीतून बाई आल्या. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, ओठ मिटलेले. मास्तरांनी त्यांना सीटवर बसवले, डावा हात मांडीवर उशीवर ठेवला, दार लावले. आतली हवा भट्टीसारखी झाली होती. बाईंचे केस कपाळावरून मागे उडू लागले. त्यांचे दात वाजले, एकदा, आणखी एकदा, मग थांबले. मास्तर शर्टाच्या बाह्या दुमडून, घामाने निथळत, त्यांच्याकडे पाहत राहिले. चांगले झालेय, किंवा वाईट झालेय, काहीतरी त्या म्हणतील असे त्यांना वाटत होते.

बाईंनी उजवा हात उचलला आणि मास्तरांच्या बाजूची हवेची झडप बोटाने लावून टाकली.

"तुम्ही कशाला शिजताय," त्या पुटपुटल्या आणि डोळे मिटले.

गाडी फाटकाशी आली. फाटकात कुणीतरी पांढरी गाडी आडवी लावून निघून गेले होते. आत माणूस नाही, काचेवर चिठ्ठी नाही, पुढे जायला वाट नाही. मास्तरांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. असल्या माणसाला काय ऐकवायचे ते त्यांच्या ओठांवर तयारच असे, त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नसे. हात हॉर्नवर गेला.

शेजारी बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडे होते, मान त्यांच्याकडे कलली होती. शाल खांद्यावरून घसरली होती आणि त्यांना थंडी वाजत नव्हती.

मास्तरांनी हॉर्नवरचा हात उचलला. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी काच खाली करून ओरडले, "ओ काका, झोपलात का?" मास्तरांनी मागे पाहिले नाही. त्यांनी आपली काच पूर्ण वर केली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले, टाचा खाली रोवल्या आणि ते बसून राहिले.

घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला सुद्धा त्यांनी हात हलवला नाही.